वार्नुपेच्या आया

आउस्माला जेवायला काय करायचं, यावरून घरात चार दिवस दोन तट पडले होते. विजयकुमारचं म्हणणं, कोल्हापूरकराच्या घरी पाहुणा आला की तांबडा-पांढरा झालाच पाहिजे, मग पाहुणा लात्व्हियाचा असो नाहीतर कागलचा. विभावरीला वाटत होतं, सत्तरी ओलांडलेल्या परक्या बाईला तिखटाची परीक्षा कशाला? सिद्धांतला विचारलं तर त्याने फोनमधून डोकंही वर काढलं नाही.

"आई, शी ईट्स एव्हरीथिंग. डोन्ट स्ट्रेस."

"चार वर्षं तिच्या घरी राहिलास. तिला काय आवडतं एवढं सांगता येत नाही?"

त्याने थोडा विचार केला. "बीट. दही घातलेलं बीट. उन्हाळ्यात त्याचं गार सूप करतात तिकडे. साधारण आपल्या कोशिंबिरीसारखंच, फक्त पातळ."

शेवटी तह झाला. बीटाची कोशिंबीर आणि पांढरा रस्सा. तांबडा रस्सा विजयकुमारपुरता, आणि तोही स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पाहुणीला वास येणार नाही अशा बेताने.

खरं तर विभावरीला जेवणाची चिंता नव्हतीच. तिला चिंता होती ती बोलण्याची. अमिरातीतल्या अल ऐनच्या एका हॉस्पिटलात ती प्रयोगशाळा सांभाळायची. थोडक्यात आणि नेमकं बोलणं हा तिचा धर्म होता. पण या बाईचे आभार थोडक्यात कसे मानायचे, हे तिला पाच वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

सिद्धांत इंजिनीअर व्हायला लात्व्हियाला गेला तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या बायकांनी "म्हणजे नक्की कुठं गं?" असं विचारून तिला बेजार केलं होतं. कॉलेजच्या वसतिगृहात जागा नव्हती म्हणून त्याने शेजारच्या वार्नुपे गावात आउस्मा नावाच्या बाईकडे माडीवरची खोली घेतली. गाव म्हणजे एक नदी, एक लाकडाचा कारखाना, एक चर्च आणि एक फुटबॉलचं मैदान. बाई गावच्या फुटबॉल क्लबचं सगळंच बघायची: जर्सी धुवायची, सामन्यानंतर सूप करायची, मैदानाची किल्ली तिच्याकडे. भाडेकरू सहा फूट उंच आहे हे पाहून तिने पहिल्याच आठवड्यात त्याला गोलमध्ये उभं केलं. आधीचा गोलकीपर आयर्लंडला गेला होता.

मग तो कोविडचा वसंत आला. विमानं बंद. विभावरी रात्रंदिवस प्रयोगशाळेत. हजारो माणसांचे नमुने तिच्या हाताखालून जात होते, आणि तिकडे सिद्धांतला ताप आलेला. त्याचा ताप तिला कळायचा तो आउस्माने पाठवलेल्या फोटोतून. विणलेल्या पांढऱ्या रुमालावर ठेवलेला जुना पाऱ्याचा थर्मामीटर. सकाळी एक फोटो, संध्याकाळी एक. रुमाल तोच, प्रकाश खिडकीचा, आकडा स्पष्ट. खाली एक अक्षर नाही. विभावरीने आयुष्यात पुष्कळ अहवाल वाचले होते, पण कुठल्याही अहवालावर तिचा इतका विश्वास बसला नव्हता. ताप उतरल्यावर सिद्धांतने सांगितलं, बाई त्याच्या दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीशी घडीची खाट टाकून झोपत होत्या.

आता सिद्धांत गेल्या उन्हाळ्यापासून घरी होता. अबू धाबीच्या एका कंपनीत त्याची निवड झाली होती, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. गाडीने दीड तास. शनिवार-रविवार घरी. दाराशी पुन्हा त्याचे होडीएवढे बूट दिसायला लागले होते आणि विभावरी रोज त्यांना अडखळत होती, आणि अडखळताना तिला बरं वाटत होतं. एकुलता एक मुलगा इतक्या वर्षांनी हाताच्या अंतरावर आला होता. तिला आयुष्याकडून याहून जास्त काही नको होतं.

आउस्माची नात दुबईत विमान कंपनीत नोकरीला होती. तिने आजीला दहा दिवसांसाठी आणलं, आणि आजीने पहिल्याच दिवशी सांगितलं की मला अल ऐनला जायचंय. बाप-लेक सकाळी गाडी घेऊन तिला आणायला गेले.

दार उघडलं तेव्हा आधी विजयकुमारचा आवाज आत आला. "विभा, मावशींना सगळा फुटबॉल कळतो बघ! येताना डॅशबोर्डवर चिंचेच्या गोळ्या मांडून मला ऑफसाइड ट्रॅप दाखवला त्यांनी."

मागून आउस्मा आली. रुंद खांद्यांची, पांढऱ्या आखूड केसांची, हाताचे पंजे मोठे. कुणी न सांगता तिने दाराशी बूट काढले आणि सिद्धांतच्या बुटांशेजारी नीट जोडून ठेवले. पिशवीतून काळ्या पावाची विटेएवढी लादी आणि मधाची बाटली काढून विभावरीच्या हातात दिली. मग तिने सिद्धांतचा दंड चिमटीत धरून पाहिला आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"हडकलास म्हणाली."

"म्हणाल्या," विभावरीने दुरुस्त केलं. तो तिला नुसतं आउस्मा म्हणायचा, तिकडे तशीच रीत आहे म्हणे. विभावरीला ते कानाला खटकायचं. विजयकुमारने प्रश्न केव्हाच सोडवला होता: मावशी.

जेवायला बसण्याआधी विभावरीने मनाशी जुळवलेलं बोलून टाकायचं ठरवलं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "सिद्धांत, त्यांना सांग. त्या दिवसांत मी इथं अडकले होते. माझ्या मुलाजवळ मी असायला हवं होतं तिथं त्या होत्या. त्यांनी पाठवलेला एकेक फोटो माझ्याजवळ अजून आहे. त्यांचे उपकार मी कसे फेडू, मला कळत नाही, आणि फेडायचेही नाहीत, पण मी ते कधी विसरले नाही हे त्यांना कळायला हवं."

सिद्धांत कानापर्यंत लाल झाला. मान खाली घालून त्याने दोनच शब्द पुटपुटले.

"एवढंच?"

"आई, प्लीज. इट्स ऑकवर्ड. मी सांगितलं, थँक्यू म्हणतेय."

आउस्माने हात हलवून ते थँक्यू माशी उडवावी तसं उडवलं आणि बीटाच्या कोशिंबिरीकडे बोट दाखवलं. बसा म्हणाली बहुतेक. पाच वर्षं जपलेलं ओझं असं दोन शब्दांत निकालात निघाल्यावर विभावरी बसली आणि वाढायला लागली.

पांढरा रस्सा आउस्माला आवडला. वाटी तोंडाला लावून तिने तो सूपासारखा प्यायला आणि वाटी पुढे केली. विजयकुमारने विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं.

"मावशींना विचार रे," तो म्हणाला, "तुमचा क्लब कसा सुरू झाला? आमच्याकडं आधी तालीम होती. लाल माती, कुस्ती. पोरं संध्याकाळी अंग मोकळं करायला बॉल मारायला लागली आणि कुस्ती राहिली बाजूला. पेठेपेठेत टीम. हरलं की आठवडाभर मिसळ गोड लागत नाही."

सिद्धांतने हे सगळं सांगितलं, हातवारे करून, मिसळीसकट. आउस्मा हसली. तिच्या उत्तराला तिने वेळ घेतला, आणि सिद्धांत वाक्यामागून वाक्य मराठीत आणत गेला. हा इतिहास त्याने पुष्कळदा ऐकला असावा, कारण कधीकधी तो तिच्याही पुढे धावत होता.

"आमच्याकडे आधी बंब होता. गाव सगळं लाकडाचं, म्हणून गावातल्या तरुणांनी आग विझवायचं मंडळ काढलं होतं. पण आग काय रोज लागते? बंबाशेजारी नुसतं बसून पोरं दारू पितील म्हणून पाद्रीबाबांनी रीगाहून एक चेंडू आणून दिला. पोरांनी चेंडूही खेळला आणि दारूही प्यायली."

"हे बरोबर आहे," विजयकुमार म्हणाला. "खरा क्लब आहे."

"जर्सीला पैसे नव्हते. आमच्याकडे ईस्टरला कांद्याच्या सालींत अंडी उकळतात, रंग चढायला. माझ्या आजीने तसेच सदरे उकळले. अख्ख्या गावाने हिवाळाभर साली साठवल्या. पण कुणाच्या घरचा कांदा लाल, कुणाचा पिवळा. अकरा सदरे, अकरा रंग. शेजारच्या गावची टीम आम्हाला कांदेवाले म्हणायला लागली. म्हणून आम्ही क्लबच्या बिल्ल्यावर कांदाच काढला."

"कांदा! बिल्ल्यावर!" विजयकुमारने मांडीवर थाप मारली. "लासलगावच्या लोकांना कळवायला पाहिजे."

आउस्मा हसता हसता थांबली. पुढचं ती सावकाश बोलली आणि सिद्धांतचाही आवाज उतरला.

"मग युद्ध आलं. आधी एक सैन्य आलं, त्याने काही पोरं नेली. मग दुसरं आलं, त्याने उरलेली नेली. बार्बरा म्हणून एक बाई होती, तिचे दोन मुलगे. दोघं आमचे बॅक. एक या सैन्यात, एक त्या सैन्यात. काहींना मालगाडीत घालून सायबेरियाला पाठवलं. मैदानावर खेळायला कुणी उरलं नाही आणि गवत कमरेपर्यंत वाढलं. तेव्हा बार्बरा एका शनिवारी लांब दांड्याचा विळा घेऊन मैदानात उतरली. म्हणाली, गवत वाढू दिलं तर पोरं परत येणार नाहीत असं आपणच कबूल केल्यासारखं होईल. तिने गोलपासून मधल्या रेषेपर्यंत एक पट्टा कापला. पुढच्या शनिवारी दुसरी आई आली, तिने शेजारचा पट्टा घेतला."

"आणि पोरं आली?" विभावरीने विचारलं.

"थोडी," सिद्धांत म्हणाला. "पण रीत राहिली. ज्या आईचा मुलगा गावाबाहेर आहे, तिचा मैदानात एक पट्टा. नंतर सोव्हिएत सैन्यातून अफगाणिस्तानच्या लढाईला पोरं गेली, तेव्हा त्यांच्या आया. मग आयर्लंडला कामाला गेली, तेव्हा त्यांच्या. आउस्माचा मुलगा कॉर्कला मशरूमच्या शेतावर आहे. सतरा वर्षं झाली. तिचा पट्टा उजव्या कोपऱ्याचा. आता गवत कापायचं यंत्र आहे क्लबकडे, पण त्यांचे पट्टे त्या विळ्यानेच कापतात. मी पाहिलंय, आई. शनिवारी सकाळी ओळीने. कुणी बोलत नाही."

मग आउस्माने तळहात टेबलावर आडवा ठेवला आणि सिद्धांतकडे वळून बोलायला लागली. हे बोलणं वेगळं होतं. गोष्ट सांगण्याचा सूर गेला होता. ती एकेक वाक्य ठेवत होती, मध्ये थांबत होती, आणि एकदा तिने विभावरीकडे पाहून मान हलवली. सिद्धांतने तिला मध्येच तोडलं. ती थांबली नाही. तो पुन्हा काहीतरी घाईघाईने म्हणाला. ती शेवटपर्यंत बोलली आणि मग वाट पाहत राहिली.

"काय म्हणाल्या?"

"क्लबमधली मुलं हाय म्हणतात."

विजयकुमारने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "एवढ्या वेळात नुसतं हाय? एकेकाचं नाव-गाव सांगितलं काय?"

"बाबा, तसंच काहीतरी. लहान मुलांची टीम आहे, मी शिकवायचो ना."

विभावरीने प्रयोगशाळेतला हिशेब इथेही लावला. आत गेलं ते आणि बाहेर आलं ते यांचा मेळ बसत नसेल, तर मधे कुठेतरी गळती असते. ही गळती कुठे आहे ते तिच्यासमोर बसलं होतं, सहा फूट उंच, आणि पाण्याचा ग्लास उगाच फिरवत होतं.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर नबिला होत्या, सुदानच्या, विभावरीच्याच हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट. दोघींमध्ये एक डबा कित्येक वर्षं वर-खाली फिरत होता. रिकामा परत करायचा नाही ही विभावरीची शिस्त नबिलाने पुरती उचलली होती, आणि आज त्यात रव्याचा केक होता.

"पाहुणे आहेत? मग मी जाते. खलास, डबा घे."

"जाते कसली, बस. या लात्व्हियाच्या, आउस्माबाई. सिद्धांतच्या."

"लात्व्हिया?" नबिला आपल्या हिंदी-इंग्रजी मिसळीत म्हणाली. "मी मॉस्कोत डॉक्टर झाले, अगं. तेव्हा तो सगळा एकच देश होता." आणि आउस्माकडे वळून तिने रशियनमध्ये काहीतरी विचारलं.

आउस्माची पाठ ताठ झाली. मग तिने सिद्धांतकडे पाहिलं, विभावरीकडे पाहिलं, आणि सावकाश, शाळेत सक्तीने पाठ केलेलं आठवावं तसं रशियनमध्ये उत्तर द्यायला लागली.

सिद्धांत उठून उभा राहिला. "डॉक्टर नबिला, प्लीज. यू डोन्ट हॅव टू."

"काय प्लीज? बस खाली, हबीबी. मोठी माणसं बोलतायत."

तो बसला. नबिलाने दोनदा काही विचारून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरची मिश्किली हळूहळू गेली. मग ती विभावरीला म्हणाली, "मी यांचे शब्द सांगते. माझं काही घालत नाही. या म्हणतात, मी तुमच्या मुलाला नाही म्हणायला आले आहे. फोनवर तो ऐकत नाही म्हणून इतक्या लांब आले. त्याने मला लिहिलंय की मी मार्चमध्ये परत येतो, लाकडाच्या कारखान्यात नोकरी ठरलीय, मुलांची टीम मी चालवीन. तुम्हाला त्याने सांगितलंय का, असं मी विचारलं. तो म्हणाला, सांगेन. मी आज पुन्हा विचारलं आणि तुम्हाला सांग म्हटलं. त्याने सांगितलं नाही, हे मला तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय."

"आणि अबू धाबीचं?" विजयकुमार म्हणाला.

"आय वॉज गोइंग टू टेल यू," सिद्धांत पुटपुटला.

"कधी? विमानात बसल्यावर?"

"थांबा," विभावरी म्हणाली. तिला स्वतःचा आवाज प्रयोगशाळेतल्यासारखा सपाट ऐकू आला. "नबिला, त्या नाही का म्हणतायत?"

नबिलाने विचारलं. आउस्मा या वेळी सरळ विभावरीकडे पाहून बोलली.

"या म्हणतात, मोठ्यांची टीम दोन वर्षांपूर्वीच बंद पडली. आता फक्त लहान मुलं. तुमचा मुलगा त्यांना शिकवायचा, त्याच्याकडे शिकवण्याचा परवाना आहे. तो आला नाही तर एप्रिलमध्ये मुलं शेजारच्या गावच्या क्लबात जातील आणि आमचा क्लब संपेल. मला ते नकोय, हे खरं आहे. पण आमचा क्लब म्हणजे पोरं नेल्याची गोष्ट आहे. शंभर वर्षं कुणी ना कुणी आमची पोरं नेत आलं. आता क्लब जगावा म्हणून मी दुसऱ्या बाईचं पोर नेलं, तर बार्बराला मी काय तोंड दाखवू? मैदान राहील. गवत कापायला आम्ही आहोत. क्लब गेला तर गेला." नबिला थांबली. "आणि अजून एक म्हणतात. सिद्धांत तिकडे होता तेव्हा बायकांनी ठरवलं, याचीही आई आहे, तिचाही मुलगा घराबाहेर आहे. म्हणून गोलसमोरचा एक पट्टा तुझा धरला होता. चार उन्हाळे तो या कापत होत्या. गेल्या उन्हाळ्यात तो घरी आला, तेव्हा तो पट्टा सोडून दिला. त्याचा यांना आनंद झाला होता. तो पट्टा पुन्हा काढायची वेळ येऊ नये, म्हणून आल्यात."

विभावरी उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिने नळ सोडला आणि बंद केला. खिडकीतून जबेल हफीतचा डोंगर जानेवारीच्या स्वच्छ उन्हात अगदी जवळ दिसत होता.

पहिल्यांदा तिला वाटलं ते सुटल्यासारखं. हे तिने स्वतःपाशी मान्य केलं. मुलगा राहणार होता. तिला काही करायचं नव्हतं, रडायचं नव्हतं, अडवायचं नव्हतं. दुसऱ्याच कुणीतरी, ज्या बाईचं त्यात सगळं जात होतं तिने, इतक्या लांब येऊन तो तिच्या हातात ठेवला होता.

विजयकुमार मागे येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "म्हातारी पोरगं परत देतीय, विभा. घे की. आपण काय मागितलंय?"

"देतायत म्हणूनच घेता येत नाही."

"म्हणजे?"

"त्यांनी माझ्या मुलाला एकदा वाचवलंय. आता त्यांचा क्लब मोडून मला मुलगा देतायत. मी किती घेऊ त्यांच्याकडून?" ती ओट्याला टेकली. "आणि आपण काय केलं, विजय? मिरज सोडताना माझी आई अंगणात उभी होती. तिने एक शब्द काढला नाही. तिला पट्टा कुणी दिला?"

विजयकुमारने तांबड्या रश्श्याच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, परत ठेवलं. "तरी पोरानं लपवायला नको होतं."

"नको होतं. ते मी त्याला बोलणार आहे. पण वेगळं बोलणार आहे."

ती बाहेर आली. नबिला रव्याचा केक कापत होती, आउस्मा हात टेबलावर ठेवून बसली होती. सिद्धांत दोन्ही हातांत डोकं धरून.

"सिद्धांत, वर बघ. मराठीत बोल, म्हणजे मला एक शब्दही चुकायचा नाही. तुला काय हवंय?"

त्याने आधी आउस्माकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे नको. त्या नाही म्हणाल्या म्हणून राहायचं नाही, आणि मी हो म्हणाले म्हणून जायचं नाही. तुझं सांग."

"मला जायचंय," तो म्हणाला. मग एकदम पुढचं बाहेर पडलं, इंग्रजीचा आधार नसल्यामुळे अडखळत. "अबू धाबीला मी गेलो नाही तर त्यांना दुसरा कुणीही मिळेल, आई. ढीगभर अर्ज पडलेत तिथं. पण मार्ताला दुसरा कुणी नाही मिळणार. दहा वर्षांची आहे, गोलकीपर आहे. बॉल आला की डोळे मिटते. मी तिला सांगितलंय, पुढच्या सीझनपर्यंत आपण डोळे उघडे ठेवायला शिकू. मला तुमच्याजवळ राहायचं नाही असं नाही. तुला सांगता येत नव्हतं, कारण तू इतकी खूश होतीस. रोज माझ्या बुटांना अडखळतेस आणि हसतेस. ते बघून मी कसं सांगणार होतो?"

विभावरीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिने दोन्ही येऊ दिलं.

"किती वर्षं?"

"दोन. मग बघू."

"मग बघू हे उत्तर नाही. दोन म्हण, आणि दोन झाली की मला पुन्हा विचार. आणि यापुढे मला घाबरून काही लपवलंस, तर विमानतळावर येऊन कान धरीन. तिथल्या लोकांसमोर."

"ती धरते," विजयकुमार म्हणाला. "मला अनुभव आहे."

विभावरी खुर्ची ओढून आउस्माच्या समोर बसली. तिने तिचे हात हातांत घेतले. हात खरखरीत आणि गरम होते. "नबिला, यांना सांग. पाच वर्षं मी यांचे आभार मानायचे म्हणून थांबले होते. ते आता मी मानत नाही, कारण ते पुरणार नाहीत. यांना सांग की माझा मुलगा कुणी नेत नाहीये. तो स्वतःच्या पायांनी जातोय. मला वाईट वाटेल, ते मला वाटू दे. पण तो जिथं जातोय तिथं त्याच्या दाराबाहेर झोपणारं माणूस आहे, हे किती आयांच्या नशिबी असतं?"

नबिलाने सांगितलं. सांगताना तिचाही आवाज जरा फिरला. तिचे दोन्ही मुलगे खार्तूम सुटल्यावर कुठे कुठे पांगले होते, एक कैरोला, एक कॅनडात.

आउस्माने मान जोरजोरात हलवली. नाही. तिने हात सोडवून घेतले आणि सिद्धांतकडे वळून लात्व्हियनमध्ये सुरू केलं. तोही सुरू झाला. तिने बोट वर दाखवलं. त्याने खांदे उडवले. तिने टेबलावर थाप मारली, मधाची बाटली हलली. तो हसला, तशी ती आणखी चिडली, स्वतःच्या दंडाची चिमटी काढून त्याला दाखवली, दोन्ही हातांनी काहीतरी फुटल्याची खूण केली. तो हो-हो करावं तसं त्यांच्या भाषेत "या, या" म्हणत राहिला.

"काय चाललंय?" विजयकुमारने नबिलाला विचारलं.

"मला काय माहीत! ही रशियन नाही."

"त्या म्हणतायत," विभावरी आउस्माच्या वाटीत रस्सा वाढत म्हणाली, "माडीवरची खोली थंड आहे, हीटर फुटलाय, कारखान्याचा पगार कमी आहे आणि तू नीट खात नाहीस. आणि हा म्हणतोय, चालेल."

विजयकुमार बघतच राहिला. "तुला लात्व्हियन कधीपासून कळायला लागलं?"

"कळत नाही. पण त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते."